वेताळाची पुढील गोष्ट

शाळेच्या ग्रंथालयांत विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, त्यांमध्यें एक प्रश्न सर्वांत अधिक वेळां कानीं पडतो. "ह्याचा पुढचा भाग आला काय?" हा तो प्रश्न होय. व्याकरणाचा, भूगोलाचा किंवा एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राचा पुढचा भाग कोणीं मागितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. मागणी असते ती अद्भुत कथांच्या मालिकेची. ज्या मालिकेंत एकच नायक वर्षानुवर्षें संकटांतून जातो आणि जिचा प्रत्येक भाग पुढच्या भागाकडे बोट दाखवून संपतो, अशा पुस्तकांची. ह्या मागणीकडे वडील मंडळी दोन तऱ्हांनीं पाहतात. कित्येक म्हणतात, मूल कांहींतरी वाचतें आहे एवढ्यावर समाधान मानावें. दुसरे कित्येक म्हणतात, पहिल्या भागांत जें होतें तेंच पांचव्यांत असावयाचें. मग त्यांत काळ कां दवडावा? हीं दोन्हीं मतें आम्हांस अपुरीं वाटतात. मालिकेचा पुढील भाग वाचणें ही पहिला भाग वाचण्याहून निराळी आणि अधिक कठीण गोष्ट आहे. ती नीट साधली तर जो लाभ होतो तो एकट्या पुस्तकापासून क्वचितच होतो, असें आमचें मत आहे. तें येथें सकारण मांडण्याचा विचार आहे.

ह्या कामीं उदाहरणासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. जी नदी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून आमच्या नाशिक शहरांतून वाहते, तिच्याच कांठीं खालच्या अंगास पैठण हें गांव आहे. त्याचें प्राचीन नांव प्रतिष्ठान. काश्मीरचा पंडित सोमदेव ह्यानें अकराव्या शतकांत, तेथील अनंत राजाच्या राणीच्या मनोरंजनासाठीं, 'कथासरित्सागर' हा अठरा लंबकांचा ग्रंथ रचला. त्याच्या बाराव्या लंबकांत वेताळाच्या गोष्टी आल्या आहेत. त्यांचा नायक जो राजा, तो सोमदेवाच्या ग्रंथांत उज्जयिनीचा विक्रमादित्य नसून गोदावरीच्या कांठच्या प्रतिष्ठानाचा त्रिविक्रमसेन आहे. पुढें लोकांच्या तोंडीं त्याचाच विक्रम झाला. सोमदेवानें ज्या ग्रंथाच्या आधारें आपली रचना केली, ती गुणाढ्याची 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाहीं. परंतु परंपरा गुणाढ्यास सातवाहन राजाचा आश्रित मानते, आणि त्याच सातवाहनांचे शिलालेख आमच्या शहराजवळच्या पांडवलेण्यांत आजहि पाहावयास मिळतात. तेव्हां वेताळाची ही दीर्घायुषी कथामाला आपल्याच नदीच्या कांठची, असा अभिमान नाशिककरांनीं बाळगला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं.

कथेचा आरंभच मोठा मार्मिक आहे. क्षांतिशील नांवाचा एक भिक्षु दररोज राजसभेंत येऊन राजास एक फळ देत असे, आणि राजा तें सहज कोशाध्यक्षाच्या हातीं देत असे. हा क्रम दहा वर्षें चालला. एके दिवशीं एका पाळीव माकडाच्या हातीं तें फळ पडलें. त्यानें तें दांतांनीं फोडतांच आंतून अमूल्य रत्न बाहेर पडलें. कोशागारांत जाऊन पाहतात तों जुनीं फळें कुजून गेलेलीं आणि त्यांच्या जागीं रत्नांची रास पडलेली! मग राजानें भिक्षूस हेतु विचारला, त्यानें स्मशानांतील एका साधनेंत साहाय्य मागितलें, आणि राजा काळोख्या रात्रीं झाडावर लोंबणारें प्रेत आणावयास निघाला. त्या प्रेतांत वेताळ वसत होता. वाट सरावी म्हणून तो गोष्ट सांगे, शेवटीं प्रश्न करी, आणि उत्तर ठाऊक असतां न दिल्यास डोक्याचीं शकलें होतील असा धाक घाली. राजा बोलला कीं वेताळ प्रेतासह पुन्हां झाडावर! येथपर्यंतची कथा आबालवृद्धांस ठाऊक आहे. तिच्या पुढच्या भागांत काय आहे, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

त्या चोवीस गोष्टींपैकीं चारच येथें क्रमानें घेऊं. दुसऱ्या गोष्टींत एका मृत कन्येचे तीन इच्छुक वर आहेत. एकजण तिच्या रक्षेवर निजून राहतो, दुसरा तिच्या अस्थि गंगेस नेतो, तिसरा मंत्र मिळवून तिला जिवंत करतो. ती कोणाची पत्नी? राजा म्हणतो, जीवदान देणारा तो पिता, अस्थि नेणारा तो पुत्र, आणि रक्षा कवटाळून राहिला तोच पति. सहाव्या गोष्टींत पति आणि भाऊ ह्यांचीं तुटलेलीं शिरें एक स्त्री गडबडीनें अदलाबदल करून जोडते. राजा म्हणतो, ज्या धडावर पतीचें शिर तोच पति. कारण सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ. ह्या दोन्हीं ठिकाणीं उत्तर चतुराईचें आहे. ऐकणारा टाळी वाजवितो आणि विसरून जातो.

सोळाव्या गोष्टीपाशीं येतां येतां रंग पालटतो. जीमूतवाहन नांवाचा विद्याधर शंखचूड नांवाच्या नागाचे प्राण वांचविण्यासाठीं आपलें शरीर गरुडास अर्पण करतो. इतक्यांत शंखचूड धांवत येतो आणि गरुडास सांगतो कीं, तुझें भक्ष्य मी आहें, ह्यास सोड. दोघांत अधिक थोर कोण? वाचणाऱ्यांपैकीं बहुतेक जीमूतवाहनाचें नांव घेतील. राजा शंखचूडाचें घेतो. आत्मत्याग हा जीमूतवाहनाच्या अनेक जन्मांच्या अंगवळणीं पडलेला होता. परंतु शंखचूड मृत्यूच्या दाढेंतून सुटला असतांहि आपण होऊन परत आला, हें त्याचें कारण. येथें चतुराईचें काम नाहीं; मनुष्यस्वभावाची पारख आहे. दुसऱ्या गोष्टींतील राजास हें उत्तर सुचलें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं. मध्यंतरीं तो पुष्कळ वेळां त्या झाडापाशीं परत गेला आहे, आणि त्याच्याबरोबर वाचकहि गेला आहे.

आणि मग चोविसावी गोष्ट येते. एक राजा व त्याचा पुत्र अरण्यांत दोन स्त्रियांच्या पावलांच्या खुणा पाहतात, आणि मोठ्या पावलांची ती बापाची व लहान पावलांची ती मुलाची असें आधींच ठरवितात. पुढें कळतें कीं मोठीं पावलें मुलीचीं आणि लहान पावलें आईचीं. दिलेला शब्द पाळून दोन्ही विवाह होतात. आतां ह्या दोन जोडप्यांस जीं मुलें झालीं, त्यांचें एकमेकांशीं नातें काय? राजा विचार करतो आणि कांहीं एक बोलत नाहीं. त्यास उत्तर ठाऊक नाहीं. तो मुकाट्यानें प्रेत खांद्यावर घेऊन चालूं लागतो, आणि वेताळ प्रथमच त्याच्या खांद्यावर राहतो. इतकेंच नव्हे, तर प्रसन्न होऊन तो राजास भिक्षूचें कपट सांगतो: साष्टांग प्रणाम करावयास लावून तो तुझा बळी देणार आहे, तेव्हां 'प्रणाम कसा करावा तें दाखव' असें तूं त्यालाच म्हण. राजा तसें करतो, भिक्षु आपल्याच पाशांत सांपडतो, आणि ह्या सर्व कथा पृथ्वीवर प्रसिद्ध व्हाव्या एवढाच वर राजा मागून घेतो.

वाचकहो, ह्या शेवटाचा विचार करा. तेवीस प्रश्नांचीं बिनचूक उत्तरें देऊन राजास जें साधलें नाहीं, तें एका प्रश्नापुढें मौन धरून साधलें. त्याच्या मौनांत लबाडी नव्हती. उत्तर ठाऊक असतां तो गप्प बसला असता तर शिर फुटलें असतें. ठाऊक नसतां बोलला असता तर खोटें बोलला असता. प्रत्येक वेळीं खरें तेंच त्यानें केलें, आणि त्याची किंमत म्हणून तेवीस वेळां काळोखांत मागें फिरला. जो वाचक सहाव्या गोष्टीवर पुस्तक मिटतो, त्याच्या मनांत विक्रम म्हणजे झटपट उत्तरें देणारा एक हुशार मनुष्य एवढेंच चित्र राहतें. जो चोविसाव्या गोष्टीपर्यंत पोंचतो, त्यास हुशारीची मर्यादा दिसते. परंतु ही मर्यादा एकदम पहिल्याच गोष्टींत सांगून भागलें नसतें. तेवीस वेळां यश पाहिल्यावांचून चोविसाव्या वेळच्या मौनाचें वजन कळत नाहीं. मालिकेचा पुढील भाग जें काम करूं शकतो आणि एकटी कथा करूं शकत नाहीं, तें हेंच.

ही कथामाला मराठींत येऊन जवळजवळ दोनशें वर्षें झालीं. मराठी छापील पुस्तकांच्या अगदीं आरंभींच्या काळांत, १८१४ सालीं, श्रीरामपूर येथें विल्यम केरी ह्यांच्या देखरेखीखालीं 'सिंहासनबत्तिशी' मराठींत छापली गेली. आणि १८३० सालीं सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांची 'वेताळपंचविशी' आली. म्हणजे मराठी मुलांच्या हातीं छापील पुस्तक पडूं लागलें तेव्हांपासून विक्रम राजा त्यांच्या सोबत आहे. परंतु त्यास घरोघर नेलें तें 'चांदोबा' मासिकानें. नागी रेड्डी व चक्रपाणी ह्यांनीं मद्रासेंत जुलै १९४७ मध्यें तेलुगु व तमिळ भाषांत हें मासिक काढलें, आणि १९५२ सालीं त्याची मराठी आवृत्ति निघूं लागली. खांद्यावर प्रेत, हातांत तलवार, भोंवतीं स्मशान, असें शंकर ह्या चित्रकारानें काढलेलें राजाचें चित्र ज्यांनीं लहानपणीं पाहिलें, ते तें विसरले नाहींत. शंकर ह्यांचें २०२० सालीं निधन झालें. मासिक त्यापूर्वींच, २०१३ च्या सुमारास, बंद पडलें होतें.

चांदोबानें जें केलें तें मोठें नवलाचें आहे. मूळच्या पंचवीस गोष्टी संपल्यावर मालिका थांबली नाहीं. नव्या गोष्टी रचून आणि जुन्या लोककथा घेऊन त्या वेताळाच्या तोंडीं घातल्या गेल्या, आणि अशा शेंकडों गोष्टी झाल्या. प्रत्येक महिन्यास राजा झाडाजवळ जाई, प्रेत खांद्यावर घेई, गोष्ट ऐके, उत्तर देई, आणि वेताळ निसटे. ह्या प्रघातांत एक मोठा गुण होता. प्रश्न आणि उत्तर ह्यांच्यामध्यें वाचकास थांबावयास जागा होती. ज्या घरांत एकजण मोठ्यानें वाचीत असे आणि बाकीचीं ऐकत असत, तेथें प्रश्नापाशीं पुस्तक मिटून "तूं काय म्हणतोस?" असें विचारण्याची चाल आम्हांस ठाऊक आहे. न्याय म्हणजे काय, उपकार कशाला म्हणावें, दोघांत अधिक दोषी कोण, अशा प्रश्नांवर दहा वर्षांचीं मुलें आजोबांशीं वाद घालीत. नीतिपाठाच्या तासास हें क्वचितच साधतें.

परंतु ह्या पुढच्या गोष्टींत एक उणीव राहिली, आणि ती आमच्या मतें लहान नाहीं. त्यांतील राजा कधींच गप्प बसला नाहीं. महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष, त्यास प्रत्येक प्रश्नाचें उत्तर येतच गेलें. स्मशानांत भिक्षु वाट पाहत बसला आहे हें वाचक विसरला, आणि मालिकाहि जणूं विसरली. ह्याचें कारण उघड आहे. मासिक दर महिन्यास निघावयाचें असतें. राजानें एकदां मौन धरलें तर पुढच्या महिन्यास काय छापावें? धंद्याची ही अडचण आम्ही समजूं शकतों, आणि चांदोबाचे उपकार विसरत नाहीं. तथापि ज्या मुलानें दहा वर्षें ती मालिका वाचली, त्यानें दहा वर्षें बिनचूक उत्तरेंच ऐकलीं. ज्या एका मौनासाठीं मूळ कवीनें चोवीस गोष्टी रचल्या, तें मौन त्याच्या वाट्यास आलें नाहीं. शेवट नसलेल्या मालिकेचा हा धोका आहे. 'अरबी सुरस कथां'मध्येंहि प्रत्येक रात्रीं कथा अर्धी राहते. परंतु एक हजार एक रात्री झाल्यावर राजाचें क्रौर्य संपतें आणि कथाहि संपते. ज्या मालिकेंत नायक बदलत नाहीं आणि शेवटहि येत नाहीं, तिचा पुढील भाग म्हणजे केवळ आणखी एक भाग असतो.

हल्लींच्या विद्यार्थ्यांस हें जवळच्या उदाहरणानें अधिक चांगलें कळेल. जे. के. रोलिंग ह्या इंग्रज लेखिकेची हॅरी पॉटरची मालिका १९९७ ते २००७ ह्या दहा वर्षांत सात भागांत प्रसिद्ध झाली. भोपाळच्या मंजुल प्रकाशन संस्थेनें ती मराठींत आणली आहे, आणि मराठी माध्यमाचीं मुलेंहि ती आवडीनें वाचतात. चौथा भाग २००० सालीं आला आणि पांचवा जून २००३ मध्यें. म्हणजे त्या वेळच्या वाचकांस जवळजवळ तीन वर्षें वाट पाहावी लागली. हा पांचवा भाग सातांमध्यें सर्वांत मोठा आहे, आणि पुष्कळ विद्यार्थी अडखळतात तेहि येथेंच. तक्रार अशी कीं, नायक आतां पूर्वीसारखा राहिला नाहीं; तो चिडतो, मित्रांवर ओरडतो, आणि शेवटीं त्याच्या उतावीळपणामुळें त्याचा धर्मपिता प्राणास मुकतो. आम्ही म्हणतों, ही तक्रार म्हणजेच त्या भागाची स्तुति आहे. पहिल्या भागांतील अकरा वर्षांचा मुलगा पंधरा वर्षांचा झाला. त्याची हुशारी व धैर्य कमी पडूं लागलें. ज्यांस तो सर्वज्ञ समजत होता त्या गुरूंनींहि आपण चुकलों असें त्याला सांगितलें. पहिले चार भाग ज्यानें मनापासून वाचले, त्यालाच ह्या पांचव्याचें दुःख कळतें. जो थेट पांचवा उचलील त्यास तो नुसता रागीट मुलगा दिसेल.

येथें वडील मंडळींच्या दोन आक्षेपांचा विचार करणें प्राप्त आहे. पहिला आक्षेप पुनरुक्तीचा. तेंच झाड, तेंच प्रेत, तीच शाळा, तोच शत्रु. मग नवें काय? ह्यास उत्तर असें कीं, चौकट तीच राहिली म्हणूनच तिच्या आंतला फरक दिसतो. दररोज त्याच घाटावर जो जातो, त्यास गोदावरीचें पाणी किती चढलें हें चटकन् कळतें. जो प्रथमच आला त्यास नदी नेहमीं अशीच असावी असें वाटतें. पुनरुक्ति दोषास्पद होते ती चौकटीच्या आंतलें पाणी हलेनासें होतें तेव्हां.

दुसरा आक्षेप असत्याचा. भुतें, वेताळ, मंत्र, जादूची कांडी हीं मुलांच्या डोक्यांत कां भरवावीं, आणि विशेषतः ख्रिस्ती घरांत तीं कां शिरूं द्यावीं, असें आम्हांस विचारणारे पालक आहेत. त्यांची चिंता आम्ही हलकी लेखीत नाहीं. मंत्रतंत्रानें रोग बरा होतो असें सांगणाऱ्यापासून मुलास दूर ठेवणें हें आईबापांचें कर्तव्यच आहे. परंतु विक्रमाची कथा वाचून कोणी मूल स्मशानांत गेल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. उलट त्या कथेंत मंत्रसाधनेच्या मागें लागलेला मनुष्य कपटी ठरतो आणि नाश पावतो. शिवाय दृष्टान्त सांगून शेवटीं श्रोत्यासच प्रश्न करण्याची रीति आम्हां ख्रिस्ती लोकांस परकी नाहीं. यरीहोच्या वाटेवर लुटलेल्या मनुष्याची कथा सांगून प्रभूनें शास्त्र्यास विचारलें कीं तिघांपैकीं त्याचा शेजारी कोण ठरला. आणि नाथान संदेष्ट्यानें दावीद राजास एका मेंढीची गोष्ट सांगून त्याच्याच तोंडून न्याय वदविला. कथा घडली कीं नाहीं ह्यापेक्षां तिच्या शेवटच्या प्रश्नास आपण काय उत्तर देतों, ह्यावर आपली परीक्षा होते.

मग मालिकेचा पुढील भाग कसा वाचावा? तीन गोष्टी आम्ही विद्यार्थ्यांस सुचवितों. पहिली ही कीं, दोन भागांमध्यें कांहीं काळ जाऊं द्यावा. आज सातहि भाग एकदम हातीं येतात आणि सुटींत आठ-दहा दिवसांत फस्त होतात. जुन्या वाचकास महिनाभर, वर्षभर वाट पाहावी लागे, आणि त्या अवधींत तो गोष्ट मनांत घोळवी, पुढें काय होईल ह्यावर मित्रांशीं वाद घाली. ती सक्तीची प्रतीक्षा गेली. तेव्हां ती आपण होऊन पाळली पाहिजे. दुसरी ही कीं, नवा भाग संपल्यावर स्वतःस विचारावें: नायक पहिल्या भागांत जसा होता तसाच राहिला काय? त्यास आतां अशी कोणती गोष्ट कळली जी तेव्हां कळली नसती? आणि असा कोणता प्रश्न उरला ज्यास त्याच्याजवळ उत्तर नाहीं? ह्या तीन प्रश्नांस जर कांहींच उत्तर मिळालें नाहीं, तर ती मालिका तेथेंच सोडून द्यावयास हरकत नाहीं. पुस्तकविक्यानें सात भाग काढले म्हणून सातहि वाचलेच पाहिजेत असा कोणता कायदा आहे? तिसरी गोष्ट ही कीं, शेवटचा भाग संपला म्हणजे पहिला पुन्हां उघडावा. ज्या मालिकेचा शेवट चांगला असतो, तिचा आरंभ दुसऱ्या वाचनांत निराळाच दिसतो. भिक्षूचें कपट कळल्यावर तें रोजचें फळ आठवून पाहा. दहा वर्षांचा तो नजराणा आतां भक्तीचा वाटत नाहीं.

पालकांस आणि ग्रंथपालांस आमची विनंति वेगळी आहे. मुलानें पुढचा भाग मागितला असतां तुच्छतेनें हंसूं नये, आणि नुसता काढून देऊन मोकळेंहि होऊं नये. मागच्या भागांत काय झालें तें त्याच्याकडून दोन मिनिटें ऐकावें. जें मूल मागचें नीट सांगूं शकतें, तें पुढचें वाचावयास तयार असतें. नाशिक शहरास वाचनाची परंपरा नवी नाहीं. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून चालत आलें आहे. अशा शहरांत मुलांस कथामालेचा पहिला भाग मिळावा आणि शेवटचा मिळूं नये, हें बरें नव्हे. पुष्कळ ग्रंथालयांत मालिकांचे मधलेच भाग गहाळ झालेले असतात. ते भरून काढणें हें दिसावयास क्षुल्लक, पण फार उपयोगाचें काम आहे. विशेषतः चांदोबांतील विक्रम ज्या घरांत अजून वाचला जातो, तेथें मूळच्या चोविसाव्या गोष्टीचें मौन आणि पंचविसावा उपसंहार हीं मुलांस कोणीं तरी वाचून दाखवावींच. एवढ्यानें ती मालिका पुरी होईल.

शेवटीं आमच्या धंद्याशीं लागून असलेली एक गोष्ट सांगतों. परीक्षेस बसणाऱ्या मुलांस आम्ही शिक्षक एक उपदेश हटकून करतों: उत्तरपत्रिकेंत कोणताहि प्रश्न कोरा सोडूं नका, कांहींतरी लिहाच. गुणांच्या दृष्टीनें हा उपदेश योग्य असेल. परंतु दहा वर्षें तो ऐकून मुलाच्या मनाची अशी समजूत होते कीं, प्रत्येक प्रश्नास उत्तर असतेंच, तें आपणांस आलेंच पाहिजे, आणि न आलें तर आल्यासारखें दाखविलें पाहिजे. पुढें हाच मुलगा वैद्य होतो, वकील होतो, पुढारी होतो, उपदेशक होतो, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीवर ठासून बोलतो. "मला हें ठाऊक नाहीं" हें वाक्य उच्चारण्यास जें धैर्य लागतें, तें शिकविणारा तास आमच्या वेळापत्रकांत नाहीं. तें काम ज्या थोड्या पुस्तकांनीं केलें आहे, त्यांत गोदातीरच्या त्या राजाची कथा एक आहे. आणि तें काम ती पहिल्या गोष्टींत करीत नाहीं, तेवीस फेऱ्या झाल्यावर करते.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, पुढचा भाग अवश्य मागा. मात्र तो कोशाध्यक्षाच्या हातीं फळ द्यावें तसा एका हातानें घेऊन दुसऱ्या हातानें परत करूं नका. एखादें तरी फळ फोडून पाहा. आणि वेताळानें प्रश्न विचारला म्हणजे पान उलटण्यापूर्वीं क्षणभर थांबा. उत्तर येत असेल तर निर्भयपणें सांगा, आणि येत नसेल तर राजासारखे मुकाट्यानें चालत राहा.